अणू स्थिर असतो का? एका प्रश्नाची आणि परीक्षापद्धतीची झाडाझडती

५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेचे नाव काढले की आजही प्रश्नपत्रिकाफुटी, वाढीव गुण आणि न्यायालयीन लढाई एवढेच आठवते. त्या गदारोळात भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची कथा मागे पडली. देशभरातील सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांपुढे दोन विधाने ठेवण्यात आली होती. पहिले असे की, अणूत धन आणि ऋण प्रभार समसमान असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि ते आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. यांतील कोणते विधान बरोबर व कोणते चूक, एवढेच विचारले होते.

परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने आधी एक उत्तर ग्राह्य धरले : पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. मग आक्षेप आले. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतील पाठ्यपुस्तकात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ अशाच अर्थाचे वाक्य होते. नव्या आवृत्तीत त्या ‘प्रत्येक’चे ‘बहुतेक’ झाले होते. थोरल्या भावंडांची किंवा शेजाऱ्यांची जुनी पुस्तके वापरणारे विद्यार्थी आपल्या देशात थोडेथोडके नाहीत. तेव्हा ‘दोन्ही विधाने बरोबर’ असे उत्तर देणाऱ्यांनाही पूर्ण गुण देण्यात आले आणि त्यामुळे ७२० पैकी ७२० गुण मिळवणाऱ्यांची संख्या फुगली. ४ जूनच्या निकालात असे ६७ जण होते; त्यांतले ४४ या एका प्रश्नाच्या जोरावर तेथे पोहोचले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांचे मत मागवले. बरोबर उत्तर एकच, असा त्यांनी दुसऱ्याच दिवशी निर्वाळा दिला. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक, या हिशेबाने चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण कमी झाले. २६ जुलैच्या सुधारित निकालात पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले.

न्यायालयापुरता वाद तेथे संपला. विज्ञानाच्या परीक्षेविषयीचा खरा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो.

दुसरे विधान चूक आहे यात शंका नाही. त्रेचाळीसावे टेक्नेशियम आणि एकसष्टावे प्रोमेथियम या मूलद्रव्यांचे एकही स्थिर समस्थानिक नाही. शिशाच्या पलीकडची सारी मूलद्रव्ये किरणोत्सारी आहेत. शिशानंतरचे बिस्मथ तर दीर्घकाळ स्थिर मानले जात होते. त्याचाही ऱ्हास होतो हे २००३ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. त्याचे अर्धायुष्य इतके प्रचंड आहे की विश्वाचे आजचे वय त्याच्यापुढे अब्जांशही भरत नाही. पण पाठ्यपुस्तकात ते वाक्य आले होते कोणत्या संदर्भात? रदरफर्डच्या १९११ च्या प्रतिमानानुसार केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत ऊर्जा उत्सर्जित करत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवे. तसे होत नाही, अणू टिकून राहतो, आणि तो का टिकतो याचे उत्तर शोधताना १९१३ मध्ये बोरचे प्रतिमान जन्माला आले. त्या प्रकरणातील ‘स्थिर’ हा शब्द इलेक्ट्रॉनांच्या रचनेविषयी आहे. प्रश्नपत्रिकेत उचलून ठेवताच तो संदर्भ गळून पडला आणि तोच शब्द केंद्रकाविषयी बोलू लागला.

आता चार विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावेत. एकाने जुने पुस्तक पाठ केले, म्हणून ‘दोन्ही बरोबर’ लिहिले. दुसऱ्याला बोरचा युक्तिवाद मनापासून कळला होता. ‘स्थिर’चा अर्थ त्याने त्या चौकटीत लावला आणि तेच उत्तर दिले. तिसऱ्याने नवे पुस्तक पाठ केले, ‘बहुतेक’ हा शब्द त्याच्या लक्षात होता, म्हणून ‘दुसरे चूक’ लिहिले. चौथ्याला किरणोत्साराचे ज्ञान होते, त्यानेही तेच लिहिले. पहिल्या दोघांना उणे एक, नंतरच्या दोघांना अधिक चार. पाठांतर करणारे दोघे आणि समजून घेणारे दोघे यांची या प्रश्नाने जी वाटणी केली, तिचा समजुतीशी काहीही संबंध नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत पाच गुणांमागे हजारो क्रमांकांचा फरक पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटणीची किंमत कळते.

एकच प्रश्न सदोष निघाला म्हणून सारी परीक्षा मोडीत काढण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य. परंतु सर्वसाधारण विज्ञानज्ञान मोजण्याचे जे प्रयत्न जगभर होत आले आहेत, त्यांतही हीच अडचण वेगवेगळ्या वेशांत भेटते. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान कित्येक दशके सामान्य नागरिकांना ठरावीक प्रश्न विचारत आले आहे. पृथ्वीचा गाभा अतिशय तप्त आहे का? सर्व किरणोत्सार मानवनिर्मित असतो का? इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतो का? प्रतिजैविके विषाणूंनाही मारतात का? पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती? भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांतून निवडलेले हे प्रश्न पुढे अनेक देशांत वापरले गेले. २०१२ च्या पाहणीत पृथ्वी-सूर्याच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ७४ टक्के अमेरिकनांनी दिले, आणि ‘दर चौघांतला एक अमेरिकन अजून कोपर्निकसच्या आधीच्या काळात’ अशा धाटणीच्या बातम्या जगभर झळकल्या. त्याच अहवालातील तक्त्यात भारताचा २००४ चा आकडा ७० टक्के आहे आणि युरोपीय संघाचा २००५ चा ६६ टक्के. आपण युरोपच्या पुढे, म्हणून छाती फुगवावी काय?

थोडे गणित करू. दोनच पर्याय असलेल्या प्रश्नात ज्याला काहीच ठाऊक नाही त्याचेही उत्तर निम्म्या वेळा बरोबर येते. शंभरांतल्या चाळीस जणांनाच उत्तर खरोखर माहीत असेल आणि उरलेल्या साठांनी नाणेफेक केली, तरी बेरीज ७० होते. ‘माहीत नाही’ असे सांगण्याची मुभा या पाहण्यांत असते, त्यामुळे सगळेच नाणेफेक करत नाहीत. तरी ७० या आकड्यातील किती भाग ज्ञानाचा आणि किती नशिबाचा, हे तो आकडा स्वतः सांगत नाही. ‘नीट’मध्ये उणे गुण आहेत, मग तेथे अंदाजपंचे चालत नाही, असा एक समज आहे. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याला सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण मिळतोच. दोन पर्याय बाद करता आले तर हीच सरासरी दीड गुणावर जाते. शिकवणी वर्गांत पर्याय बाद करण्याची कला विषयाइतक्याच निष्ठेने का शिकवली जाते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

त्या अमेरिकी पाहणीत आणखी एक प्रयोग झाला आणि तो अधिक बोलका आहे. आजचा मानव पूर्वीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला, हे विधान बरोबर म्हणणारे २०१२ मध्ये ४८ टक्के निघाले. दुसऱ्या गटापुढे त्याच विधानाच्या आधी ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढेच शब्द जोडले, आणि बरोबर उत्तर देणारे ७२ टक्के झाले. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना सिद्धांत काय सांगतो ते नेमके ठाऊक होते. त्यांना तो मान्य नव्हता. पहिल्या प्रश्नाने ज्ञान मोजतो आहोत असे भासवून श्रद्धा मोजली. ‘विज्ञान किती समजते’ आणि ‘विज्ञानावर विश्वास किती’ या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि एकीच्या खुणा पाहून दुसरीचे माप सांगितले की चुकीचे निदान होते. श्रद्धेपोटी नाकारणाऱ्याला आणखी धडे शिकवून उपयोग नसतो. अज्ञानापोटी चुकणाऱ्याला धडेच हवे असतात.

आपल्याकडे तर तो धडाच २०२३ मध्ये दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातून निघाला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले, मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले गेले, आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचे खुले पत्र काढले. भार हलका करणे हा हेतू सांगितला गेला आणि हे विषय अकरावी-बारावीत आहेतच, असेही सांगितले गेले. ते खरेच आहे. पण दहावीनंतर वाणिज्य, कला, आयटीआय यांकडे वळणाऱ्या मुलांना उत्क्रांती भेटणार कोठे? त्यांच्यासाठी दहावी हाच विज्ञानाचा शेवटचा मुक्काम. जे शिकवले जात नाही ते विचारले जात नाही, आणि जे विचारले जात नाही ते शिकवण्यात कोणालाही रस उरत नाही.

प्रतिजैविकांचा प्रश्न घ्या, कारण तो पावसाळ्यात आपल्या घरात येतो. ‘प्रतिजैविके विषाणूंना मारत नाहीत’ हे उत्तर पाठ असलेला सुजाण माणूस ताप आल्यावर काय करील? गोवा, सिंधुदुर्ग, बेळगावच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमधला ताप डेंग्यूचा असू शकतो, तो विषाणूचा. सत्तरीतला माकडतापही विषाणूचाच. पण चिखलपाण्यात काम करणाऱ्या शेतकऱ्याला होणारा लेप्टोस्पायरोसिस जिवाणूचा असतो, आणि तेथे वेळेवर दिलेले प्रतिजैविक जीव वाचवते. सुरुवातीला सगळ्यांची लक्षणे सारखीच : ताप, अंगदुखी, डोकेदुखी. तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तराला गुण मिळाला, तरी त्या ज्ञानाने केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणणारा हात थांबतोच असे नाही, आणि ‘व्हायरल असेल’ म्हणून दुखणे अंगावर काढणाराही सावध होत नाही. रक्त का तपासायचे, कितव्या दिवशी तपासायचे, हे समजणे म्हणजे विज्ञान समजणे. हे विचारणारा प्रश्न तयार करणे कठीण आहे, तपासणे त्याहून कठीण. यंत्राला तर ते जमतच नाही.

ऋतूंचेही तसेच. १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा एक लघुपट निघाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गाऊन घालून उभ्या असलेल्या पदवीधरांना आणि प्राध्यापकांना विचारले, ऋतू का होतात, किंवा चंद्राच्या कला का दिसतात? २३ पैकी २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हे त्यांचे लाडके उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर; जुलैत हे अंतर १५ कोटी २१ लाखांवर जाते. आपल्याकडची मुले ‘पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून’ असे उत्तर बिनचूक लिहितात. मग त्यांना पुढचा प्रश्न विचारावा : २१ जूनला उत्तर गोलार्धात दिवस सर्वांत मोठा, तर पणजीत सर्वांत जास्त उकाडा जूनअखेरीस का नसतो, एप्रिल-मेमध्ये का असतो? याचे उत्तर पाठ केलेल्या वाक्यात सापडत नाही. पणजी साडेपंधरा अक्षांशावर आहे. सूर्य तेथे मेच्या आरंभी बरोबर डोक्यावरून जातो, पुढे उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येतो. मधल्या काळात मोसमी पावसाने आभाळ झाकलेले असते. मे महिन्यात अंगणात सरळ काठी रोवून भर माध्यान्ही सावली कशी नाहीशी होते ते पाहिलेल्या सहावीतल्या मुलाला हे समजावणे सोपे जाते. काठीला खर्च नाही. पण अशा काठीला कोणत्याही प्रवेशपरीक्षेत गुण नाहीत.

येथे आपल्या भाषेचा एक पेच सांगितलाच पाहिजे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांना तो रोज भेटतो आणि महाराष्ट्रातल्यांना त्याची गंधवार्ताही नसते. मराठी पाठ्यपुस्तकात ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्म कण, आणि अणू एकत्र येऊन होतो तो ‘रेणू’. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात, आणि ‘अणु’ हा शब्द आपल्या रेणूसाठी वापरतात. गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही तीच वाटणी आहे. म्हणजे इंदूर, वडोदरा, बेळगाव, हैदराबाद यांपैकी कोठेही मराठी घरातले मूल शाळेतून ‘पाण्याचा अणू’ घेऊन येते, आणि घरात आजोबा त्याला दुरुस्त करतात की पाण्याचा अणू नसतो, रेणू असतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर. रसायनशास्त्रातही हेच : आमचा ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ, ज्याला हिंदीत ‘लवण’ म्हणतात, हिंदीतला ‘क्षार’ आमच्या आम्लारीच्या घरात राहतो. तोंडी परीक्षेत शिक्षक विचारील, ‘म्हणजे नेमके काय?’ आणि मुलाचा अर्थ त्याला कळेल. बहुपर्यायी प्रश्नाला हे विचारता येत नाही. तेथे शब्द चुकला की संकल्पना चुकली असेच गृहीत धरले जाते.

गोव्यात हा पेच आणखी वेगळ्या जागी येतो. सरकारी प्राथमिक शाळांत मूल मराठीतून किंवा कोकणीतून ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकते. प्राथमिक शाळेनंतर बहुतेकांचे माध्यम इंग्रजी होते आणि तीच गोष्ट ‘फोटोसिंथेसिस’ या नावाने नव्याने भेटते. पान, ऊन, पाणी आणि हवा यांचे नाते जर आधीच मनात बसले असेल, तर नवे नाव ही चार दिवसांची अडचण. नाते बसलेच नसेल तर दोन भाषांतली दोन पाठ केलेली वाक्ये हाती उरतात. चाचणी दोहोंना सारखेच गुण देईल.

देशपातळीवरचे चित्र काय सांगते? ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भारताने हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू ही दोन राज्ये उतरवली. निकाल २०११ च्या अखेरीस आले तेव्हा ती यादीच्या तळाशी होती, त्यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान. पाठ केलेले न विचारता, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढायला सांगणारी ती परीक्षा होती. प्रश्न आपल्या सांस्कृतिक परिस्थितीला धरून नव्हते, असा सरकारी खुलासा झाला. पुढच्या फेऱ्यांतून भारत बाहेर राहिला. मध्यंतरी परतण्याची घोषणा झाली, पण २०२२ च्या फेरीतही आपण नव्हतो. आक्षेपात तथ्य असेलही. परंतु मोजपट्टी आवडली नाही म्हणून मापच न घेणे हा उपाय कसा? डिसेंबर २०२४ मध्ये देशांतर्गत ‘परख’ सर्वेक्षण झाले, त्यात नववीच्या विद्यार्थ्यांची विज्ञानातली राष्ट्रीय सरासरी ४० टक्के आली. हे प्रश्न आपणच काढलेले होते, आपल्याच परिस्थितीला धरून.

आणि तरीही आपल्याकडे विज्ञान तपासण्याची उत्तम रीत आहे, हे विसरता कामा नये. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र या चारही विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारतीय संघ तेथेच घडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरले, साठहून अधिक देशांचे संघ आले. या परीक्षांचा साचा पाहावा. भौतिकीच्या ऑलिंपियाडमध्ये ५० गुणांपैकी २० प्रयोगाचे असतात. खगोलशास्त्रात सिद्धांताबरोबर निरीक्षणांची आकडेमोड आणि प्रत्यक्ष आकाशनिरीक्षण असते. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक’ स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी चालत आली आहे. लेखी परीक्षेनंतर तिच्यात प्रात्यक्षिक, मग स्वतःचा कृतिप्रकल्प आणि शेवटी मुलाखत असते. लेखी पायरीला प्रचंड संख्या, पुढे चाळण होत होत हाती उपकरण आणि समोर प्रश्न विचारणारा माणूस. एवढ्या मोठ्या संख्येला दुसरी पद्धत शक्य नाही, हे ‘नीट’चे समर्थन म्हणूनच अर्धेच पटते. पहिली चाळणी यंत्राची असू द्या. शेवटचीही तीच का?

बारावीला तीस गुणांचे प्रात्यक्षिक आहेच, असे उत्तर मिळते. त्या तीस गुणांत सत्तावीस-अठ्ठावीस कसे पडतात हे शाळेतल्या शिपायापासून सर्वांना ठाऊक असते. प्रवेशाच्या क्रमवारीत ते गुण धरले जात नाहीत, म्हणून शाळेला ते उदारपणे देण्यात तोटा नाही आणि विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत वेळ दवडण्यात फायदा नाही. सीबीएसईने अलीकडे अकरावी-बारावीत क्षमताधारित प्रश्नांचा वाटा ४० वरून ५० टक्क्यांवर नेला, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण बारावीच्या गुणांना प्रवेशात किंमत नसताना विद्यार्थ्याचे लक्ष कोठे राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेवटी आपल्या वाचकांच्या थेट हिताची एक बाब. ‘नीट’ तेरा भाषांत होते, त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. भाषांतराबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ अंतिम, असा नियम आहे. प्रादेशिक भाषेची प्रश्नपत्रिका मात्र त्या-त्या राज्यातील केंद्रांवरच मिळते, आणि मराठीसाठी माहितीपत्रकाच्या तक्त्यात महाराष्ट्रातीलच केंद्रे असत. बेळगावच्या ज्या मुलीला मराठी प्रश्नपत्रिका हवी, तिने शंभरेक किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठायचे. पेडण्याच्या मुलाने सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीकडे जायचे. इंदूर-हैदराबादकरांविषयी तर बोलायलाच नको. असे विद्यार्थी संख्येने थोडे असतील, कारण अकरावीपासून विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकवले जाते. पण उर्दूची प्रश्नपत्रिका देशातील सर्व केंद्रांवर मिळण्याची सोय त्याच तक्त्यात होती. म्हणजे छपाई आणि वाटप यांची अडचण सांगता येणार नाही. बेळगाव, पणजी, इंदूर आणि वडोदरा या चार शहरांपुरती तशीच सोय मराठीसाठी मागण्यास गोव्याचे आणि महाराष्ट्राचे खासदार एकत्र येऊ शकतात. पुढच्या वर्षीचे माहितीपत्रक निघण्याआधी ही मागणी संसदेत लेखी प्रश्न म्हणून तरी नोंदली गेली पाहिजे.